कारवारात ‘तरंगती गोदी’ नाही, शिपलिफ्ट आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भरतीची तयारी करणाऱ्या मुलांत एक मजकूर फिरतोय: ‘कारवारच्या तरंगत्या गोदीत विक्रमादित्य (नौदलाची विमानवाहू नौका) उचलतात.’ हे साफ चूक आहे, परीक्षेत लिहू नका. कारवारच्या कदंब या नौदल तळावर आहे ती शिपलिफ्ट, म्हणजे जहाज पाण्याबाहेर उचलणारी यंत्रणा, क्षमता १०,००० टन. विक्रमादित्यचं वजन ४४,००० टनांच्या वर. तिची गोदीतली दुरुस्ती कोचीन शिपयार्डात झाली आहे.

नौदलाची तरंगती गोदी एफडीएन-२ चेन्नईजवळ कट्टुपल्लीला बांधली आणि जून २०१७ मध्ये पाण्यात उतरवली, अंदमानसाठी. १८५ मीटर लांब, ४० मीटर रुंद, ८,००० टन उचलणारी.

शिपलिफ्टमध्ये विंच (दोर गुंडाळून ओढणारी यंत्रं) जहाजाखालचा प्लॅटफॉर्म वर ओढतात, मग जहाज रुळांवरून बाजूला सरकवता येतं. तरंगत्या गोदीत टाक्यांत पाणी भरून गोदीच बुडवतात, जहाज आत घेऊन कीलब्लॉकवर (जहाजाचा तळ टेकवायचे ठोकळे) नेमकं मधोमध धरतात आणि पाणी उपसतात. जहाज वर आलेलं, पण गोदीचा डेक अजून पाण्याखाली, ही सगळ्यांत नाजूक वेळ: पाण्याच्या पातळीला फक्त बाजूच्या भिंती असतात, त्यामुळे स्थिरता कमी. तेव्हा एका बाजूच्या टाक्या आधी उपसल्या तर गोदी कलते आणि जहाज ब्लॉकवरून सरकू शकतं.