‘म्हणूनच आमची मैत्री टिकली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कार्लो अक्युटिस आणि आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया या दोन कॅथलिक संतांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. इतरांना शोधाशोध करावी लागू नये म्हणून ती थोडक्यात इथे देते. तुमचे म्हणणे असे की, गार्सियांच्या संतपदाचे साल मी चुकीचे दिले. कॅथलिक लोक हल्ली मोबाइल उघडावा तिथे धर्म घेऊन बसलेले दिसतात आणि हे ‘श्रद्धेचे मार्केटिंग’ आहे. गोव्यातले इन्क्विझिशन (धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय) आणि परदेशी पैसा यांवर आम्ही तोंड उघडत नाही. आणि शेवटी हे वाक्य, तुमच्याच शब्दांत: ‘माझे दोन ख्रिस्ती मित्र आहेत, तीस वर्षांत त्यांनी एकदाही धर्माचा विषय काढला नाही, म्हणूनच आमची मैत्री टिकली.’

सालाबद्दल तुमचे बरोबर आहे. १६२७ साली त्यांना संतपदाच्या आधीची पायरी मिळाली, संत म्हणून घोषणा झाली ती १८६२ साली. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण चूक दाखवायची ती अशा भाषेत? ‘तुम्हा लोकांना’ हा शब्द एवढ्याशा प्रतिक्रियेत चार वेळा आला आहे. मी मोजला. लेख मी लिहिला, चूक माझी, मग ‘तुम्ही लोक’ कोण? माझ्या धर्मग्रामातली, म्हणजे माझ्या चर्चची, माणसे? नागासाकीला १५९७ साली ज्यांना क्रुसावर चढवून मारले ते गोन्सालो? की पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला, ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे उपासनेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या, चमत्कारांची माहिती गोळा करून वेबसाइटवर मांडणारा तो इटलीतला मुलगा कार्लो? एका माणसाशी बोलताना पूर्ण समाजाला समोर उभे करायचे, ही सवय तुमची आहे, माझी नाही.

आता त्या मैत्रीच्या वाक्याकडे येते. खरे तर त्याच्यासाठीच हे सगळे लिहायला बसले.

कारण तशी मैत्रीण मीही होते.

१९८८ साली मी वसईहून पुण्याला शिकायला गेले. वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी. रविवारी सकाळी मेसमध्ये मिसळपाव असायचा. पहिल्याच महिन्यात एकीने पावाची लादी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, ‘घे, तुमचा तर धर्मच पावातून आला ना? विहिरीत पाव टाकला, तुम्ही पाणी प्यायलात आणि बाटलात.’ तिच्या मनात खोट नव्हती, घरी ऐकलेले तिने सांगितले. बाकीच्या हसल्या. मीही हसले. लादीतला एक पाव तोडला, रश्शात बुडवला आणि खाल्ला. त्या पावाची चव मला आजही आठवते, कारण तो गिळताना घशात अडकला होता.

तीन वर्षे मी तशीच हसत राहिले. दर रविवारी कँपातल्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, जायचे आणि खोलीत सांगायचे, ‘मावशीकडे जाऊन येते.’ पुण्यात माझी मावशी नाही. कुठेच नाही, माझ्या आईला बहीणच नव्हती. शुभ शुक्रवारी एकीने ‘हॅपी गुड फ्रायडे’ म्हणत हात पुढे केला, तोही मी हातात घेतला. ज्या दिवशी येशूच्या मरणाच्या शोकात आमच्याकडे वेदीवरचे कापडसुद्धा काढलेले असते, त्या दिवशी.

मैत्री टिकली, अगदी आजपर्यंत. पण ती टिकवण्याचा खर्च एकाच बाजूने केला होता. तुमच्या दोन मित्रांचे मला ठाऊक नाही. कदाचित ते स्वभावानेच अबोल असतील, कदाचित धर्माशी त्यांचा फारसा संबंध उरला नसेल. पण तीस वर्षांत एक माणूस स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीबद्दल तुमच्यासमोर एक शब्द बोलत नाही, आणि हा तुम्हाला त्याचा गुण वाटतो? त्याच्या आईच्या अंत्यविधीला तुम्ही गेला असाल, तेव्हा कोणती प्रार्थना चालली होती हे त्याला विचारले होते? त्याच्या मुलाच्या स्नानसंस्काराचे जेवण जेवला असाल, तेव्हा डोक्यावर पाणी का घालतात हे विचारले? नसेल विचारले तर तो गप्प राहिला यात नवल नाही. त्याला कळले होते की इथे हा विषय चालत नाही.

आणि आपण गप्प बसलो म्हणून गोष्ट थांबत नाही, ती दुसरे सांगतात. पावाची गोष्ट तशीच पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण उत्तर देणारा कोणी नव्हता. मला एकोणिसाव्या वर्षी माहीत असते तर मी त्या खोलीत एवढेच विचारले असते: वसईत पोर्तुगीज १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी त्यांना घालवले. पावानेच जर माणसे ख्रिस्ती झाली होती, तर राज्य गेल्यावर, गोरे पाद्री गेल्यावर, ती ख्रिस्ती का राहिली? काही आधीच्या धर्मात परतलेही. पण जे राहिले त्यांना धरून ठेवायला ना किल्ला होता ना शिपाई. त्यांच्या घरात माळेची प्रार्थना चालत होती, म्हणून मी आहे. हे मला शाळेत कोणी सांगितले नाही. खूप उशिरा, स्वतः वाचून कळले.

‘हल्ली’ म्हणता. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. हजारो ओव्या, मराठीत. त्यात लोक प्रश्न विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. म्हणजे मराठीतून श्रद्धेबद्दल बोलणे, शंकांना उत्तर देणे याला चारशे वर्षे होऊन गेली. तेव्हा छापखाना होता, आज मोबाइल आहे.

मोबाइलचे सांगते. २०२० साली टाळेबंदीत चर्च बंद झाली. माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सकाळी तांबडे लुगडे नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती टेबलापाशी बसायची. मोबाइल हळदीच्या बरणीला टेकवलेला, शेजारी मेणबत्ती. मिस्सात ख्रिस्तप्रसादाची वेळ आली की खुर्ची मागे सारून गुडघे टेकायची. प्रसाद तर मिळणार नव्हता, म्हणून ‘प्रत्यक्ष नाही, निदान अंतःकरणात ये’ अशी प्रार्थना करायची. डोळ्यांतून पाणी. एकदा शेजारच्या वहिनी मेथीची जुडी द्यायला आल्या, दार उघडे होते, त्यांनी हे पाहिले. हळूच मला म्हणाल्या, ‘अहो, मोबाइलला कशाला नमस्कार करतात?’

मी उंबऱ्यात उभी राहिले, त्या जिन्यात, दोघींच्या तोंडाला मास्क. अर्धा तास बोलले. ती भाकर आमच्यासाठी नुसती आठवण नाही, स्वतः ख्रिस्त आहे असे आम्ही मानतो, म्हणून तिच्यावाचून आई अशी तळमळते, हे सांगितले. वहिनी म्हणाल्या, ‘वीस वर्षं शेजारी राहतो, हे कधी बोलला नाहीत.’ त्या रात्री मी पहिला लेख लिहिला. वहिनींची आणि माझी मैत्री मोडली नाही, बरं का. परवाच आईची वर्षमिस्सा झाली, तेव्हा पहिल्या बाकावर बसल्या होत्या.

हे तुमचे मार्केटिंग. विकायला माझ्याकडे काय आहे?

दुसरेही एक. मला येणारे निम्मे प्रश्न तुमच्याकडून नाही, आमच्याच मुलांकडून येतात. रात्री साडेअकराला माझ्या भाच्याचा मेसेज येतो: ‘आत्या, ग्रुपवर एक विश्वासी (नव्या ख्रिस्ती पंथातला) म्हणतो, कॅथलिक मूर्तिपूजक आहेत, मारियेची पूजा करतात. काय उत्तर देऊ?’ मग मी उठून बसते. आराधना फक्त देवाची, मारिया मातेला आणि संतांना मान. हा फरक निसियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने ७८७ सालीच स्पष्ट केला आहे, हे सोप्या शब्दांत लिहून पाठवते. मी नाही लिहिले तर त्या पोराला उत्तर कोण देईल? तुमचे ते गप्प मित्र?

पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे की, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. मी तेच करते आहे. कोणालाही बळजबरीने किंवा आमिष दाखवून श्रद्धेत ओढू नये हे आमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच १९६५ साली लिहून ठेवले आहे. आणि आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचाही उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली त्या प्रचाराची मर्यादाही सांगितली (त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही), तीही मला मान्य आहे. स्वतःच्या श्रद्धेबद्दल चार ओळी लिहिणे त्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडे आहे.

इन्क्विझिशन झाले, १५६० साली सुरू झाले, ते कोणी नाकारलेले नाही. त्यावर या लेखाखाली बोलायचे कारण नव्हते. परदेशी पैशाबद्दल तर उत्तर देण्यासारखेही काही नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. आईचा फोटो लेखात होता, त्यावरून शेवटच्या ओळीत तुम्ही जो शब्द वापरलात, तेवढा मात्र पुसला आहे.