मध टाकला म्हणून साखर टाकली नाही असं होत नाही बाप्पा

मार्च लागला की नागपुरात दुपारचं ऊन अंगावर धावून येतं आणि ज्याला-त्याला काहीतरी थंड हवं असतं. पन्हं, ताक, उसाचा रस हे सगळं आहेच, पण हल्ली घरोघरी स्मूदी सुरू होऊन राहिलीय. त्याला माझी ना नाही. मी स्वतः रोज नाही तरी आठवड्यातून दोन-तीनदा करतेच. माझं भांडण आहे ते 'हेल्दी' या शिक्क्याशी. परवा धरमपेठेत एका ठिकाणी 'नो शुगर' स्मूदी मागवली. समोरच पोरगा करत होता म्हणून बघत उभी राहिले. केळं गेलं, मग खजुराचा सिरप गेला, मग मधाची बाटली उलटी झाली आणि शेवटी व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा. मी म्हटलं, भाऊ, हे काय? तर म्हणे, "मॅडम, शुगर नहीं डाली ना."

आता यात त्या पोराचा काही दोष नाही, त्याला जसं शिकवलं तसं तो करतो. पण आपण तरी हिशेब करायला हवा. मधात साधारण ऐंशी टक्के साखरच असते. दोन मोठे चमचे मध म्हणजे तीस-पस्तीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली जी शिफारस केली, त्यात मध, सिरप आणि फळांचा रस यांतली साखरही साध्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे. दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ती ठेवा आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे पंचवीस ग्रॅमच्या आत. ते पंचवीस ग्रॅम तर त्या मधातच संपले, आइस्क्रीम अजून बाकीच आहे. खजुराचंही तेच. त्यात तंतू आहेत, लोह आहे, सगळं खरं, पण वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर आहे हेही तितकंच खरं. एखादा खजूर टाकला तर मी काही बोलणार नाही. सहा टाकून वर 'नॅचरल' म्हणायचं असेल तर मग सरळ गुलाबजाम खा ना, निदान मजा तरी येईल.

माझं म्हणणं इतकंच आहे की फळाची स्मूदी गोडाधोडाच्या पदार्थासारखी लागायला साखर वाढवावी लागत नाही. श्रीखंड किंवा बासुंदी आपल्याला नुसती गोड म्हणून आवडत नाही. ती दाट असते, जिभेवर थोडी रेंगाळते, वेलची-जायफळाचा वास आधी नाकात जातो. हे तीन सांभाळले की गोडवा थोडा कमी असला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

दाटपणासाठी पिकलेलं केळं. पिवळंधमक नाही, सालीवर काळे ठिपके आलेलं, जे घरात कोणी हातात घ्यायला तयार नसतं ते. पिकता पिकता त्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून ठिपकेवालं केळं जास्त गोड लागतं. ते सोलून, चकत्या करून डब्यात घालून फ्रीजरला टाकायचं. आधी सोलायचं, हे मुद्दाम सांगते, कारण सालासकट गोठवलेलं केळं सोलणं म्हणजे बोटं बधिर करून घेण्याचा उद्योग आहे. असं गोठलेलं केळं मिक्सरमधून निघालं की त्याचा पोत थेट आइस्क्रीमसारखा होतो, म्हणून मग बर्फ लागतच नाही. बर्फ घालूच नये असं माझं ठाम मत आहे. एक तर त्यानं सगळं पाणचट होतं आणि दुसरं म्हणजे फार थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी कळतो. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, किती गोड असतं ते. म्हणूनच बर्फ घातला की साखर घालावीशी वाटते. गोठलेलं फळ वापरलं तरी पेल्यात ओतल्यावर दोन मिनिटं थांबायचं, मग चव उघडते.

आता संत्रं. नागपुरात राहून ब्लूबेरीच्या पाकिटाला पाचशे रुपये मोजणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. कॉटन मार्केटला जा, गोकुळपेठेच्या बाजारात जा, मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला आलेल्या फुलोऱ्याची, संत्री सध्या आहेत, काटोल-वरुडकडची. आंबिया बहाराचं संत्रं हिवाळ्याच्या तोंडाला येतं, जरा आंबट असतं. मृगाचं गोड. माझ्या मते स्मूदी करायची ती मृगाच्या संत्र्याचीच.

पण संत्रं नखऱ्याचं फळ आहे, आणि त्याचे नखरे समजून घेतले नाहीत तर पेला कडू होतो. रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट लागायला लागतो, हा अनुभव इथे घरोघरी आहे. त्याचं कारण लिमोनिन. अख्ख्या फळात ते कडू रूपात नसतं. बिया आणि फोडींवरची पातळ साल चिरडली गेली की आतला एक बिनकडू पदार्थ रसातल्या आंबटपणाच्या संपर्कात येतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. म्हणजे मिक्सरमध्ये बिया गेल्या की काम बिघडलं. प्रत्येक फोडीची सरळ कड कात्रीनं कापायची, बोटानं दाबून बिया बाहेर काढायच्या. पांढरे दोरे जमतील तेवढे काढायचे, साल जाड वाटली तर तीही. वेळखाऊ काम आहे, कबूल. मी ते टीव्हीसमोर बसून करते आणि जमल्यास नवऱ्याला बसवते. आणि संत्र्याची स्मूदी केली की लगेच संपवायची. सकाळी करून ऑफिसच्या बाटलीत भरून न्यायची ही गोष्ट नव्हे.

खरी गंमत सालीत आहे. संत्रा बर्फीचा डबा उघडल्यावर जो वास येतो तो आठवा. तो सुगंध सालीतल्या तेलाचा असतो, रसात तो फार नसतो. म्हणून संत्रं सोलायच्या आधी नीट धुऊन, पुसून, बारीक किसणीवर नुसता वरचा केशरी भाग हलक्या हातानं किसायचा. आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे सोलल्यावर ती किसायला गेलात तर दुमडते आणि पांढरा भाग येतो, तो पुन्हा कडू. दोन पेल्यांना पाव चमचा कीस पुरतो. त्याहून जास्त घातला तर फिनाइलची आठवण येते.

दूध घालायचं नाही. संत्र्याच्या आंबटपणानं दूध फाटतं, सरळ गोष्ट आहे. आमच्या सासूबाईंना फळ आणि दूध एकत्र दिसलं की विरुद्ध आहार आठवतो, आणि चरकसंहितेत आंबट फळांबरोबर दूध नको असं सांगितलेलं आहेच. (सासूबाई स्वतः शिकरण मात्र वाटीभर खातात. केळं आंबट नाही, हे त्यांचं उत्तर.) मी वाद घालत नाही, चक्का वापरते. दही आधीच फाटलेल्या दुधाचं असतं, त्याला संत्र्याचं काय भय? दही रात्री फडक्यात टांगून ठेवलं की सकाळी श्रीखंडाचा चक्का तयार. त्यानंच तो मलईदार भरीवपणा येतो, आणि प्रोटीनही मिळतं.

तर दोन जणांसाठी माझं माप असं: तीन संत्र्यांच्या बिया काढलेल्या गार फोडी, एक गोठवलेलं केळं, अर्धी वाटी चक्का, सालीचा कीस, दोन वेलच्यांची पूड आणि मिठाची चिमूट. मीठ विसरायचं नाही. ते खारट लागण्याइतकं नसतंच, पण कडवटपणा दाबतं आणि गोडवा पुढे आणतं. शिऱ्यात आपल्या आज्या चिमूटभर मीठ टाकायच्या ते काही उगाच नाही. मिक्सरच्या भांड्यात आधी संत्रं घालायचं, कारण पात्याला फिरायला ओलं लागतं, मग चक्का, सगळ्यात वर केळं. थांबत-थांबत फिरवायचं. सलग फिरवलं की भांडं तापतं आणि तुमचं आइस्क्रीम वितळतं.

चियाबद्दल विचारणाऱ्यांना: घाला, चांगलंच आहे. पण विदर्भात जवस पिकतं, आपल्याकडे त्याची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते, तेव्हा भाजलेल्या जवसाची चमचाभर पूड घालून बघा. स्मूदी दाट होते आणि जवसाचा खमंगपणा केळ्याबरोबर फार छान जातो. अख्खं जवस घालू नका, ते आहे तसंच पोटातून निघून जातं. संत्र्यात मात्र जवस नको, केळं-कोको-शेंगदाणे अशी चॉकलेटवाली करता तेव्हा घाला. आणि कोको म्हणजे बिनसाखरेचा कोको, दुधात घालायची तयार चॉकलेट पावडर नाही. त्या डब्यामागची बारीक अक्षरं वाचा, बहुतेकदा साखर पहिल्या दोन नावांतच सापडेल.

पपई, अननस आणि किवी यांचं एक सांगून ठेवते. यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, त्यामुळे दुधा-दह्याबरोबर करून ठेवलं की कडू होतं. केलं की प्यायलं, तर काही होत नाही. सीताफळाची बी तर चुकूनही मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका, ती विषारी असते. गर हातानं वेगळा करा. सीताफळ, चक्का, किंचित जायफळ यांत साखरेचा कण नसतानाही बासुंदी वाटते, पण त्यासाठी आता पाऊस संपेपर्यंत थांबावं लागेल.

इतकं करूनही हा पेला पाण्यासारखा प्यायचा नाही. फळ दळलं की त्याची साखर लवकर पोटात जाते. दोन संत्री सोलून खायला दहा मिनिटं लागतात, स्मूदी एका मिनिटात संपते. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा तर रस आणि स्मूदी मिळून दिवसाला दीडशे मिलिलिटरच्या वर नको म्हणते. मी छोट्या वाटीत वाढते आणि चमच्यानं खायला देते, जेवणानंतर, गोडाच्या ऐवजी. जेवणात श्रीखंड झालं असेल तर त्या दिवशी स्मूदी नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी केळ्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, फेसबुकवर मला विचारून नाही.

महिनाभरात मृगाची संत्री संपतील आणि आंबा येईल. पुण्याच्या मैत्रिणी मग मस्तानीचे फोटो टाकतील, त्यांना टाकू द्या. आंब्याला काही लागतच नाही. गर, चक्का, मीठ, झालं. आंब्यात केळं घालणाऱ्या माणसांशी मी उन्हाळाभर बोलत नसते.