ऑप्टेन फक्त महाग म्हणून हरलं नाही

लेखात ऑप्टेन या इंटेलच्या वेगवान स्टोरेज तंत्रज्ञानाच्या अपयशाचं सगळं खापर किमतीवर फोडलंय, ते मला अर्धंच पटतं. २८० जीबीची ऑप्टेन ९००पी ड्राइव्ह २०१७ मध्ये ३८९ डॉलरला आली. साधारण तेवढ्याच पैशांत १ टीबीची सॅटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी मिळायची, हे खरं. पण हौशी मंडळी महागडी ग्राफिक्स कार्डंही घेतातच की! त्यांना फरक जाणवला असता तर त्यांनी पैसे मोजले असते.

ऑप्टेनची खरी ताकद होती लेटन्सीत, म्हणजे मागितलेला डेटा मिळेपर्यंत जाणाऱ्या वेळात. छोटे, विखुरलेले रीड्स ते साधारण दहा मायक्रोसेकंदांत उरकायचं, नेहमीच्या एसएसडीतल्या नँड मेमरीला कित्येक पट वेळ लागायचा. मात्र विंडोज सुरू होताना किंवा गेम लोड होताना बराच वेळ प्रोसेसरच खातो, त्यामुळे चांगल्या एनव्हीएमई (सॅटापेक्षा वेगवान जोडणीच्या) एसएसडीपुढे फरक जेमतेम दिसे. उलट ९००पीच्या खोक्यावर सलग वाचनाचा वेग २५०० एमबी प्रतिसेकंद, तर सॅमसंगच्या ९६० प्रो या एनव्हीएमई एसएसडीवर ३५००. ग्राहक तोच आकडा बघतो.

त्यात सर्वसामान्यांची ऑप्टेनशी पहिली ओळख झाली ती १६ आणि ३२ जीबीच्या कॅशे मॉड्यूल्समधून (हार्ड डिस्कला वेग देणाऱ्या छोट्या जोडपट्ट्यांमधून), तीही सातव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरची अट घालून. ज्यांच्याकडे आधीच एसएसडी होती, त्यांना याचा काय उपयोग? इंटेलची ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. २०२२ मध्ये त्यांनी हा व्यवसायच गुंडाळला. घरी झेडएफएस (डेटा सांभाळणारी एक फाइल सिस्टीम) वापरून सर्व्हर चालवणारे मात्र जुनी ऑप्टेन आजही शोधून घेतात.