पदरी धोंडा

13 एप्रिलला मी कॅलेंडरवर जानेवारीतच गोल करून ठेवला होता. लाल पेनानं. बायकोला वाटलं विम्याचा हप्ता असेल. मीही काही बोललो नाही, कारण आमच्या घरात विम्याच्या हप्त्याला मान आहे, सायकलच्या शर्यतीला नाही. 2025 ची पॅरिस-रुबे त्या रविवारी होती. चूक एवढीच झाली की गोल करताना मी शेजारचा चौकोन वाचला नाही. तिथं चैत्र पौर्णिमा छापली होती.

कोल्हापुरात चैत्र पौर्णिमा म्हणजे जोतिबाची यात्रा. जोतिबाची यात्रा म्हणजे आमची आत्या. आणि आत्या म्हणजे वाळव्याहून निघालेली एक गाडी भरून माणसं.

शनिवारी रात्री साडेबाराला दाराची कडी वाजली. उघडून बघतो तर दारात सात लालभडक आकृत्या. चेहरे ओळखू येईनात. आवाजावरून एकेकाला ओळखून आत घेतलं. आत्या, आत्याचे यजमान म्हणजे आमचे मामा, दोन सुना, नातू पिंट्या आणि त्यांच्या गावच्या सासनकाठीचे, म्हणजे यात्रेत नाचवतात त्या उंच काठीचे, दोन मानकरी. डोंगरावरचा निम्मा गुलाल त्यांनी अंगावरून आणला होता. पहाटेपर्यंत तो न्हाणीघरात, उशांवर, मीठाच्या बरणीत आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये जाऊन बसला. पिंट्यानं ओल्या हातानं रिमोट घेतला होता. त्यामुळं आवाज कमी करायचं बटण जे बसलं ते बसलंच. आवाज फक्त वाढवता येत होता. या बटणाचा पुढच्या सगळ्या महाभारताशी संबंध आहे म्हणून सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी मी भीत भीत विषय काढला. "आज तीन वाजल्यापासून मला टीव्ही लागणार आहे."

"किती वेळ?" बायको.

"साडेआठपर्यंत."

"एकच मॅच?"

"शर्यत आहे. सायकलची."

बायको नुसती बघत राहिली. आत्या म्हणाली, "बघू दे की गं. वरीसभर राबतंय पोरगं." आत्याचा पाठिंबा मिळाला याचा मला आनंद झाला. तो आनंद संध्याकाळी पाचपर्यंत टिकला.

जोतिबाचा वार म्हणून घरात मटण नव्हतं. पुरणपोळी, कटाची आमटी आणि वर तुपाची धार. शर्यत तीनच्या सुमाराला सुरू झाली. नाव पॅरिस-रुबे असलं तरी 1977 पासून ती पॅरिसहून सुटत नाही, ऐंशीएक किलोमीटर वरच्या अंगाला असलेल्या काँपियेन गावातून सुटते. एकूण 259 किलोमीटर. त्यातले पहिले 95 सरळ डांबरी. त्या वेळात सांगण्यासारखं फारसं घडत नाही. चार-सहा अनोळखी पोरं पुढं पळतात आणि बाकीचे त्यांना पळू देतात. चार वाजता आमच्या हॉलमध्ये चादरी पसरून सगळी आडवी झाली होती. फ्रान्समध्ये दीडशेच्या वर माणसं पायडल मारत होती आणि कोल्हापुरात नऊ माणसं घोरत होती. नवव्यात मी पण होतो. उगाच खोटं कशाला बोलू.

पाचला चहाच्या वासानं जाग आली. टीव्हीत दगड सुरू झाले होते.

या शर्यतीचा सगळा नाद त्या दगडांचा आहे. शेतांमधून गेलेले जुने फरसबंदी रस्ते, 30 तुकडे, मिळून 55 किलोमीटर. त्यावरून जाताना माणसाचे दात, हात, सायकल, सगळं थडथडत असतं. टीव्हीवर बघणाऱ्यालासुद्धा चहाची बशी धरून ठेवावीशी वाटते. आत्यानं विचारलं, "टीव्ही बिघडला काय रं?"

मामा उठले. चष्मा लावून टीव्हीपासून वीतभर अंतरावर जाऊन उभे राहिले. मामांनी तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादमकी केली आहे. आता खड्ड्यांवरचा ठरलेला विनोद येणार म्हणून मी तोंड हसरं करून ठेवलं. आला नाही. मामा म्हणाले, "घडीव हाय दगड. मधी फुगवटा बघ कसा ठेवलाय. पाणी दोन्ही अंगाला उतराय पायजे म्हणून. करणारा शाना हाय." मग म्हणाले, "सांधं मात्र उघडं पडल्यात."

मी सांगितलं की हे रस्ते असेच राहावेत म्हणून तिथं लोकांचं एक मंडळ आहे. निखळलेले दगड ते हातानं परत बसवतात आणि कुणी डांबर टाकू म्हटलं तर आडवे येतात. मामा बराच वेळ गप्प होते. मग हळूच विचारलं, "दगड बसवणारी माणसं हायत व्हय त्यांच्याकडं अजून?" आणि खाली बसले. शर्यत संपेपर्यंत त्यांनी माणसाकडं बघितलंच नाही, फक्त रस्ता बघत होते. 

तेवढ्यात शेजारचे बापू आले. टीव्हीचा आवाज 48 वर होता आणि इंग्रजी समालोचक किंचाळत होता, त्यामुळं आमच्याकडं भांडण लागलंय अशी त्यांची समजूत झाली होती. भांडण नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले, पण बसले. बापू म्हणजे पेठेतला जुना फुटबॉलवाला. कुठलाही खेळ असो, त्यांना आधी एकच गोष्ट लागते.

"आपला कुठला?"

मी म्हटलं, "तो इंद्रधनुष्याचे पट्टे असलेला. पोगाचार. जगज्जेता आहे. टूर दे फ्रान्स तीनदा जिंकलाय. असल्या बारक्या वजनाची माणसं इथं येत नाहीत बापू, दगडावर हाडं मोडतात. चालू टूर विजेता या शर्यतीत उतरायची ही 1991 नंतरची पहिली वेळ."

"आणि समोरचा?"

"व्हान देर पूल. गेली दोन वर्षं हाच जिंकतोय."

"मग त्योच आपला," बापू म्हणाले.

सव्वासहा-साडेसहाला आरेनबर्गचं जंगल आलं. दोन्ही बाजूला झाडी, मधून सरळ रेघ मारल्यासारखा दगडी रस्ता, सव्वादोन किलोमीटरच्या वर. मी रंगात येऊन सांगायला लागलो की याच्या पोटात कोळशाची खाण होती, त्या खाणीत राबलेल्या स्टाब्लिन्स्की नावाच्या सायकलपटूनंच हा रस्ता शर्यतीला सुचवला, 1968 साली तो पहिल्यांदा घेतला, म्हणजे तो माणूस या रस्त्याच्या खालूनही गेलाय आणि वरूनही. कुणी ऐकत नव्हतं. आत्याला वेगळाच प्रश्न पडला होता. "ही एवढी माणसं जिंकायची न्हाईत म्हणतोस. मग कशाला मरत्यात?"

हा प्रश्न मला आजवर कुणालाच समजावून देता आलेला नाही. सायकलच्या टीममध्ये सात जण असतात. सहा जण वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या पोचवतात, पंक्चर झालं तर स्वतःचं चाक काढून देतात, हे सगळं सातव्यासाठी. मी वाऱ्याचा रोध वगैरे सुरू केलं. मानकऱ्यांपैकी एक, जो शनिवारपासून एक अक्षर बोलला नव्हता, तो म्हणाला, "काकू, काठी नाचवणारा एकटाच दिसतोय. पर दोऱ्या कोन धरतंय?"

आत्या म्हणाली, "मग तसं सांग की." आणि माझ्याकडं अशी बघितली की वीस वर्षं सायकल मारून मी काय शिकलो कोण जाणे.

साडेसात वाजले. पिंट्या उठून रिमोटपाशी गेला. दिल्लीत मुंबईची मॅच सुरू होत होती, मुंबईची बॅटिंग होती, आणि साडेसातला टीव्ही त्याला देण्याचं वचन बायकोनं परस्पर दिलेलं होतं. टीव्हीत त्या वेळी पुढं फक्त दोघं उरले होते. पोगाचार आणि व्हान देर पूल. 40 किलोमीटर बाकी. असल्या क्षणासाठी माणूस जानेवारीत कॅलेंडरवर गोल करतो. मी पिंट्याचे अक्षरशः पाय धरले. तो म्हणाला, "पाच मिनटं."

आणि फोन वाजला.

आमचा पहाटे पन्हाळ्यापर्यंत सायकल मारणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यातल्या डॉक्टरांच्या टीव्हीवर सगळं माझ्या आधी घडतं. माझं ॲप मागं रेंगाळतं, चाळीस सेकंद तरी. डॉक्टर व्हान देर पूलचे भक्त. त्यांचा मेसेज होता, "अरेरेरेरे!!! गेला!!!"

कोण गेला? टीव्हीत पोगाचार झकास पुढं चालला होता. ते चाळीस सेकंद मी वैऱ्यालाही देणार नाही. ज्याला आपण मानतो तो माणूस डोळ्यांसमोर मजेत चाललाय, त्याचं काहीतरी होणार हे आपल्याला कळलंय आणि त्याला अजून कळलेलं नाही. मी उभा राहिलो. "वळण आहे," मी टीव्हीला सांगितलं. "हळू."

उजवं वळण आलं. पोगाचार वळलाच नाही. सरळ जाऊन कडेच्या कठड्यावर धडकला.

"आयला!" बापू.

"वळान बगाय नगं व्हय?" आत्या.

तो उठला, सायकल उचलली, तर चेन पडलेली. इथं मात्र आमच्या घरात एकमत झालं. दगड, टीम, वारा यातलं काही कळो न कळो, पण चेन पडणं म्हणजे काय हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "उलटं फिरीव पायडल!" "आदी मागची बसीव!" "काडी घाल काडी!" धाकटी सून तर शाळेला जाताना तिच्या स्कर्टला लागलेलं ऑइल आठवून हळहळली. पिंट्यानं रिमोट खाली ठेवला.

व्हान देर पूल पुढं निघून गेला होता. मी म्हटलं, थांबायला हवं होतं त्यानं. म्हटलं तर सहज, पण बापू उसळले. "खासबागेत पाय घसरला म्हणून समोरचा पैलवान थांबतोय काय? चितपट करतोय!" मी म्हटलं ती कुस्ती आहे. "मग ही काय मंगळागौर हाय?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "मी सांगून ठेवतो, आवाज कमी करा!" (आमच्या कोल्हापुरात बायका 'सांगतो'च म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) मी रिमोट घेऊन बटण दाबलं. आवाज 61 झाला.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी तो प्रकार घडला. रस्त्याकडेच्या गर्दीतून कुणीतरी पाण्याची बाटली फेकली आणि ती व्हान देर पूलच्या तोंडावर बसली. ताशी चाळीसच्या वर वेगात चाललेल्या, दगडांवर हँडल सांभाळणाऱ्या माणसाच्या तोंडावर. आदल्या वर्षी याच शर्यतीत एका बाईनं त्याच्या चाकावर टोपी फेकली होती.

हॉल एकदम गप्प झाला. मग आत्या उठून उभी राहिली. पदर खोचला. "कोन हाय त्यो? दावा मला."

बापूंनी खेळातल्या प्रेक्षकांच्या वागणुकीवर दोन मिनिटं भाषण केलं. बापू तरुणपणी स्टेडियमवर काय काय फेकून आलेत हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे, पण त्या वेळी कुणी काढलं नाही. तो बाटलीवाला नंतर स्वतःहून पोलिसांत हजर झाला. मला वाटतं त्याला आत्याची कुणकुण लागली असावी.

त्या बाटलीनं माझं घर फुटलं. सगळे एकजात व्हान देर पूलचे झाले. वर मीच मूर्खासारखं सांगून बसलो की याचा आजा रेमंड पुलिदोर. टूरमध्ये तीनदा दुसरा आला, पाचदा तिसरा, पण सगळ्यात पुढं असणाऱ्याला मिळते ती पिवळी जर्सी आयुष्यात एक दिवस अंगाला लागली नाही. आत्याच्या डोळ्यांत पाणी. "नातवानं पांग फेडलं म्हण की." संपलं. आता पोगाचार म्हणजे आजोबांचं तर्पण अडवणारा इसम ठरला.

थोड्या वेळानं डॉक्टरांचा मेसेज आला, "पंक्चर!!!" या खेपेला मी शिकलो होतो. शांत बसलो. मी शांत बसलोय हे बघून आत्यानं ओळखलं. "काय झालं त्येला? तुझ्या फोनात आलंय काय तरी. सांग." मी सांगितलं. घडायच्या आधीच घरात आकांत. थोरल्या सुनेनं देवाजवळचा दवणा आणून टीव्हीपुढं ठेवला. मग टीव्हीतही पंक्चर झालं, त्यानं सायकल बदलली आणि निघाला. दवण्याचा मान राहिला.

रुबेच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या गोल मैदानात, तो एकटा शिरला. आत्याला वाटलं आत आला म्हणजे संपलं. तिनं आरोळी ठोकली, "जोतिबाच्या नावानं!" सगळ्यांनी "चांगभलं!" केलं. मी म्हटलं अजून दीड फेरी आहे. मग दीड फेरी सगळे पुन्हा श्वास धरून. रेषा ओलांडली तसं दुसरं चांगभलं. 62 वरचा टीव्ही त्यात ऐकू आला नाही. लागोपाठ तिसरा विजय. असं याआधी फक्त दोघांनी केलंय, लापीझनं 1909 ते 1911 आणि मोझरनं 1978 ते 1980. हे मी सांगत होतो, पण खाली जमलेली तालमीची पोरं "काय झालं, मुंबईनं काय केलं?" विचारायला जिना चढत होती.

पोगाचार 1 मिनिट 18 सेकंदांनी आला. दुसरा. मी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

मग बक्षीस समारंभ. विजेत्यानं दोन्ही हातांनी काहीतरी जड उचलून डोक्यावर धरलं. मामा पुन्हा टीव्हीजवळ गेले.

"दगड हाय," म्हणाले.

"बक्षीस तेच असतं," मी म्हटलं. "त्याच रस्त्यातला."

आत्या सुन्न. "साडेपाच तास सायकल मारून धोंडा?" मग म्हणाली, "आमच्यात धोंड्याच्या म्हयन्यात जावयाला सोनं घालत्यात. ह्येच्या पदरात धोंडाच."

पिंट्यानं मॅच लावली. मी गॅलरीत जाऊन ग्रुपवरचे 143 मेसेज वाचत बसलो. त्यातले साठ डॉक्टरांचे होते.

सोमवारी मंडळी गेली. गुलाल राहिला. पुढच्या रविवारी, 20 तारखेला, हॉलंडमधली ॲमस्टेल गोल्ड ही सायकलची शर्यत होती. घरात कुणी नाही, बायको माहेरी, ग्रुप म्यूट, फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. शेवटचे 400 मीटर. पोगाचार, एव्हनपूल आणि श्केलमोसे, तिघं एकमेकांकडं बघत चाललेत. पोगाचार नक्की जिंकणार.

लँडलाइन वाजला. आमच्याकडं लँडलाइन आहे हे मी विसरलो होतो. कुणाला काय झालं म्हणून धावत जाऊन उचलला.

"पिंट्याच्या मोबाइलात बगत हुतो," आत्या म्हणाली. "तुझा त्यो पट्ट्यावाला आजबी दुसराच आला रं."