ते मासे विकत नाहीत, दिवस विकतात

तुमचं म्हणणं असं की पॅसिफिकमधल्या बेटांचं सहकार्य म्हणजे परिषदा, ठराव आणि मदतीचे अर्ज. जपान, तैवान, कोरिया, चीनच्या ताफ्यांपुढे नाउरू-तुवालूचं काय चालणार? पहिलं मला मुळीच मान्य नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण तुम्ही समजता तिथे नाही.

ट्यूनाचंच घ्या. मायक्रोनेशिया, किरिबाती, मार्शल बेटे, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि तुवालू या आठ देशांचा नाउरू करार आहे, म्हणजे आपल्या समुद्रातल्या मासेमारीच्या अटी मिळून ठरवायच्या. 1982 साली सात देशांनी तो केला, तुवालू नंतर आला. एकेकटे होते तेव्हा परदेशी मासेमारी कंपन्या एकाचा भाव दुसऱ्याला दाखवून पाडून घेत. आधी त्यांनी बोटींची संख्या बांधून पाहिली. पण बोट मोठी केली की ती मर्यादा कागदावरच राहते. म्हणून 2007 पासून मोजमापच बदललं. आता विकला जातो तो बोटीने त्यांच्या समुद्रात मासेमारी करण्याचा एक दिवस. वर्षाचे एकूण दिवस आधी ठरतात, ते देशांत वाटले जातात आणि ठरलेल्या किमान भावाखाली कुणी विकायचं नाही. हा भाव 2015 पासून दिवसाला 8,000 डॉलर आहे. 2010 च्या सुमारास आठांना मिळून वर्षाला जेमतेम 6 कोटी डॉलर मिळत. दशक संपेपर्यंत तो आकडा 50 कोटींच्या आसपास गेला. तुवालू, किरिबातीच्या तिजोरीत निम्म्याहून जास्त पैसा इथूनच येतो. याला मदत कसं म्हणणार?

दिवस मोजतात कसा, तेही बघा. पर्ससीन (थव्याभोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं) हा शब्द कोकणात नवा नाही, पण पॅसिफिकमधल्या बोटी अवाढव्य असतात. 50 ते 80 मीटर लांबीच्या बोटीचा एक दिवस म्हणजे एक दिवस, त्याहून लहान बोटीचा अर्धा, मोठीचा दीड. बोटीवरचं उपग्रह-यंत्र ती कुठे आहे ते सतत कळवतं, आणि 2010 पासून प्रत्येक पर्ससीन बोटीवर निरीक्षक असतो.

मासा मात्र सीमा पाळत नाही. एल निन्योच्या वर्षी, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापतं तेव्हा, स्किपजॅक ट्यूना (आपल्या कुप्याच्या जातकुळीतला) पूर्वेला किरिबातीकडे सरकतो, उलट थंड ला निन्यात पश्चिमेला पापुआ न्यू गिनीकडे. एकट्या देशाचं अंदाजपत्रक एका मोसमात कोसळलं असतं. इथे ज्याच्याकडे मासा नाही तो आपले उरलेले दिवस शेजाऱ्याला विकतो. माझ्या मते कराराचं खरं बळ यात आहे, भावात नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. ताफे दादागिरी करतात म्हणून योजना पोकळ होते असं नाही. ती पोकळ होते मोजणीत. दोन ठिकाणी. एक, बोट 'आज मासेमारी केली नाही, नुसता प्रवास केला' असं सांगून दिवस वाचवते. असे दावे निरीक्षकाची नोंद आणि उपग्रहाचा मार्ग शेजारी ठेवून तपासले नाहीत, तर विकलेल्यापेक्षा जास्त दिवस वापरले जातात. दुसरं अधिक चिंतेचं. मासे खाली जमावेत म्हणून बोटी समुद्रात तरंगते तराफे सोडतात. त्यांना आता आवाजाच्या लहरींनी मासा ओळखणारे बोये जोडलेले असतात. खाली किती मासा आहे ते कप्तानाला शेकडो मैलांवरून दिसतं, तो थेट तिथेच जातो. दिवस तितकाच, मासा जास्त. अशा तराफ्यांवर मासे धरायला वर्षातला काही काळ बंदी असते, तिचा उपयोग आहे, पण ती पुरणारी नाही. दिवसांची एकूण संख्या अधूनमधून खाली आणावीच लागेल, आणि तिथे आठ सरकारांना यंदाचं उत्पन्न सोडायला तयार व्हावं लागेल. तुमची शंका इथे रोखली असती तर मी वाद घातला नसता.