स्क्रूड्रायव्हरमध्ये जीरावन

स्क्रूड्रायव्हर हे जगातलं सर्वांत आळशी कॉकटेल असावं. ग्लासात बर्फ, 50 मिली व्होडका, 100 मिली संत्र्याचा रस. ढवळलं की झालं. फार हौस असेल तर कडेला संत्र्याची चकती अडकवा. पण इंदुरात दोन वस्तू दोनच ठेवायला फार मोठा मनोनिग्रह लागतो. इथं पोह्यांवर शेव, जीरावन (इथला आंबट-तिखट मसाला), कांदा आणि डाळिंबाचे दाणे पडले नाहीत, तर गिऱ्हाईक प्लेट परत करतं.

पुण्याहून मेहुणा आला आणि म्हणाला, “दाजी, साधंच काहीतरी करा. स्क्रूड्रायव्हर वगैरे.” मग जन्मकथाही त्यानंच ऐकवली. इराणच्या आखातातले अमेरिकी तेलकामगार संत्र्याच्या रसात गुपचूप व्होडका ओतायचे आणि चमचा नसल्यानं पेचकसानं ढवळायचे. वाळवंटात व्होडका मिळते, संत्री मिळतात आणि चमचा मिळत नाही, हे मला पटलेलं नाही. एवढं मात्र खरं, की 1949 साली ‘टाइम’ साप्ताहिकानं तुर्कस्तानातल्या एका हॉटेलच्या बारमध्ये हे पेय पाहिलं होतं आणि तिथं अमेरिकी इंजिनिअर बसलेले होते. म्हणजे पेचकस आसपास असणारच.

रसासाठी मी कोपऱ्यावरच्या ज्यूस सेंटरवर गेलो. “भिया, सादा रस. न नमक, न शक्कर, न मसाला.” त्यानं हातातलं संत्रं खाली ठेवलं. “किसी की तबीयत खराब है क्या?” नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं असावं, कारण बोलता बोलता सवयीनं त्याचा हात डब्याकडे गेला आणि रसावर काळं मीठ पडलं.

मग आगर-माळव्याची संत्री घेऊन घरीच रस काढायचं ठरलं. मिक्सर चालत नाही. बिया आणि पांढऱ्या साली भरडल्या गेल्या की लिमोनिन नावाचं द्रव्य रसात उतरतं आणि तो कडू होतो. नुसता ठेवला तरी काही वेळानं कडवटपणा येतोच, म्हणून रस काढायचा तो लगेच प्यायचा. एकेक फोड सोलून, बिया काढून मी ती पुरणाच्या चाळणीवर चोळायला लागलो. चाळणी आईची. त्यामुळे आई आली.

“कोण आजारी आहे?”

आता संत्र्याचा औषधी इतिहास सांगणं भाग होतं. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरनं स्कर्व्ही झालेले 12 खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर उठली. आईनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि “चाळणी लगेच धुऊन ठेव” म्हणून ती गेली. सफरचंदाची दारू मिळालेल्या जोडीचा दुसरा नंबर आला होता, हा तपशील मी सांगितला नाही.

ग्लासांचा आवाज झाला आणि शेजारचे काका आले. त्यांना कसं कळतं, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, “फिकं आहे रे. कडेला लिंबू फिरव आणि जीरावन लाव.” मेहुण्याचा चेहरा पडला. “काका, कॉकटेलला मसाला?” मी सॉल्टी डॉगचं नाव काढलं. व्होडका किंवा जिन, ग्रेपफ्रूटचा रस आणि ग्लासच्या कडेला चक्क मीठ. मेहुण्यानं फोनवर खात्री करून घेतली आणि निमूटपणे ग्लास पुढे केला. जीरावनाच्या आंबट-तिखट कडेतून रस छान लागतो, हे मी पुणेकरासमक्ष नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या फेरीला रस संपला. चाळणी आईनं स्वतःच घासून आत ठेवली होती, म्हणजे तो मार्ग बंद. मेहुणा उत्साहानं म्हणाला, “थांबा, मी शिकंजी मागवतो. लिंबूच तर हवंय!” काकांनी मला डोळ्यानं गप्प बसवलं. अर्ध्या तासानं डबे आले. त्यात इंदुरी शिकंजी होती: आटीव दूध, केशर, बदाम-पिस्ते, पळीवाढं दाट. मेहुणा एकदा डब्याकडे बघे, एकदा बाटलीकडे.

“दूध आहे,” काका म्हणाले. “बाटली ठेव आत. चमचे आण.”