पिप इन्स्टॉल अडलं म्हणून सुडो लावू नका

कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज परत परत येतोय. उबुंटू लिनक्सवर पिप (पायथनच्या लायब्ररी टाकणारं टूल) इन्स्टॉल फेल झालं तर १) पुढे सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायला) लावा, २) ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा फ्लॅग टाका नाहीतर एक्स्टर्नली-मॅनेज्ड ही फाइल उडवा, ३) पिपची कॅश (आधी डाउनलोड किंवा बिल्ड केलेल्या फाइलींचा साठा) साफ करा, ४) तरी नाही झालं तर पायथन काढून परत टाका, शंभर टक्के चालतं म्हणे. मला हे वाचून खरंच काळजी वाटते कारण चौथा उपाय केलेला लॅपटॉप माझ्यासमोर आलाय.

सुडोचं आधी बघू. उबुंटू २४.०४ वर ती एक्स्टर्नली-मॅनेज्डवाली एरर (हे पायथन सिस्टिमच्या ताब्यात आहे, पिपने हात लावू नये असं सांगणारी) परमिशनची नाहीच, त्यामुळे सुडो लावूनही तीच एरर येते. जुन्या व्हर्जनवर चालून जातं आणि तिथेच घोळ होतो, कारण पिप आपली लायब्ररी यूएसआर-लोकल या अख्ख्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकतं आणि पायथन ॲप्टने (उबुंटूचं स्वतःचं इन्स्टॉल करायचं टूल) टाकलेल्या कॉपीच्या आधी तीच उचलतं. यूएफडब्ल्यू (फायरवॉल), ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचा नवा स्रोत जोडायला) ही उबुंटूची टूल्स पायथनमध्येच लिहिलीयत, म्हणजे प्रोजेक्टसाठी टाकलेली लायब्ररी त्यांच्याही गळ्यात पडते. शिवाय सोर्समधून इन्स्टॉल होताना पॅकेजचं सेटअप डॉट पीवाय हे स्क्रिप्ट रन होतं, तेही सुडोमुळे रूट (पूर्ण अधिकाराचा युझर) म्हणून. पायपीआयवर (पिप जिथून पॅकेज आणतं ती साइट) पॅकेज कुणीही टाकू शकतं, नावात एक अक्षर चुकलं तर कुणाचा कोड रूटने चालवला ते आपल्याला कळणारही नाही.

ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस, नावातच सांगितलंय की सिस्टिम मोडू शकते. फेकून द्यायच्या डॉकर कंटेनरमध्ये (लॅपटॉपपासून वेगळी ठेवलेली छोटी सिस्टिम) वापरा, माझी हरकत नाही, पण रोजच्या लॅपटॉपवर नको. फाइल उडवली तर पायथनचं अपडेट आलं की ती परत येते. ही अडवणूक पेप ६६८ या पायथनच्या प्रस्तावातून मुद्दाम आणलीय, डेबियन (उबुंटू जिच्यावर बेतलंय ती लिनक्स) १२ पासून म्हणजे २०२३ पासून आहे, आणि त्या एररमध्येच खाली लिहिलेलं असतं की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथनचं फोल्डर) बनवा. पायथन३ -एम व्हेन्व्ह, पुढे फोल्डरचं नाव, मग त्याच फोल्डरमधलं पिप वापरायचं, सुडो कुठेच लागत नाही. फक्त पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज आधी ॲप्टने टाकावं लागतं, बरेच जण इथे अडकतात.

कॅशचं कधीकधी खरं असतं, चुकीचं बिल्ड झालेलं व्हील (इन्स्टॉलसाठी तयार पॅकेज) तिथे अडकून बसतं. पण बहुतेक वेळा कारण ते नसतं.

आता चौथा. आमच्या एका ज्युनियरला जँगोच्या (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) प्रोजेक्टसाठी मायएसक्यूएलक्लायंट ही डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी टाकायची होती, दुसऱ्या दिवशी सबमिशन, पोरगं घाबरलेलं, त्याने मेसेज वाचून ॲप्ट रिमूव्ह पायथन३ मारलं. ॲप्टने काय काय निघणार याची लांबलचक यादी दाखवली, त्यात उबुंटू-डेस्कटॉपही होतं, त्याने न वाचता वाय दाबलं. रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर नुसतं लॉगिन. "दादा, सगळं गेलं का?" फाइली शाबूत होत्या, पण डेस्कटॉप परत टाकण्यात रात्रीचा दीड वाजला.

मग मूळ एरर परत काढली. पिपने शेवटी स्वतःच लिहिलं होतं की ही एरर सबप्रोसेसमधली (पिपने चालवलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅममधली) आहे, बहुधा पिपचा दोष नाही. सगळे ती शेवटची लाल ओळच वाचतात, आम्ही वर स्क्रोल केलं तर तिथे सरळ लिहिलेलं, पीकेजी-कॉन्फिग नॉट फाउंड, म्हणजे बिल्डला लागणारं एक टूलच नव्हतं. ॲप्टने पीकेजी-कॉन्फिग, बिल्ड-इसेन्शियल, पायथन३-डेव्ह आणि डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह ही चार पॅकेजेस टाकली (सुडो इथे लागतो, ॲप्टला), व्हेन्व्ह बनवलं आणि पिप इन्स्टॉल पहिल्या फटक्यात झालं.

आणि नो मॅचिंग डिस्ट्रिब्यूशन फाउंड (जुळणारं पॅकेज सापडलं नाही) ही एरर आली तर मेसेजमधला एकही उपाय कामाचा नाही. एकतर नाव चुकलंय, जसं कोडमध्ये सीव्ही२ इम्पोर्ट करतो पण इन्स्टॉल ओपनसीव्ही-पायथन करायचं असतं, नाहीतर तुमच्या पायथनसाठी व्हील आलेलंच नाही. पायथन ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं आणि टेन्सरफ्लोची (मशीन लर्निंगची लायब्ररी) त्यासाठीची व्हील्स तिच्या २.१६ व्हर्जनबरोबर मार्च २०२४ मध्ये, मधले पाच महिने लोक उगाच सुडो मारत बसले असतील. म्हणून ग्रुपवर मदत मागताना पायथनचं व्हर्जन आणि एरर वरपासून पूर्ण टाका, स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट टाका, मी बघतो.